पुड्या खऱ्या, पण कुणी पुडी सोडू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या आरोग्याच्या पानावर एक्सोसोमवरचा, म्हणजे आपल्या पेशी बाहेर सोडतात त्या अतिबारीक पुड्यांवरचा, लेख आला होता, थेंबभर रक्तातून फुप्फुसाचा आजार कळणार आणि त्याच एक्सोसोमने तो बरा पण होणार असा एकंदर सूर होता. तो लेख आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीनदा फिरून आला आणि तिसऱ्यांदा ज्याने पाठवला त्याने खाली लिहिलं होतं, ‘काकू, आता तरी पटलं का?’ म्हणून हे पत्र. मोठं झालंय, कापायचं तर कापा, पण मधला लॅबचा भाग तेवढा कापू नका.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी केलंय आणि ३१ वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काम केलंय, रक्त काढायचं, फिरवायचं, स्लाइडवर पांढऱ्या पेशी मोजायच्या, रिपोर्ट लिहायचा. आता रिटायर आहे. माझी भाची पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत पीएचडी करतेय, तिचा विषय अगदी हाच नाही पण शेजारचा आहे, ती मला पेपर पाठवते आणि मी चष्मा लावून वाचते, अडलं की रात्री तिला फोन. बिचारी वैतागते पण सांगते.

काकू म्हणणारा तो माझा पुतण्या, थोरल्या जाऊबाईंचा मुलगा. जाऊबाईंना आम्ही सगळेच आक्का म्हणतो. आक्का पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतात, वय ६८. बिडी सिगारेटला आयुष्यात हात लावलेला नाही, मिश्री लावायच्या ती पण सोडून बारा वर्षं झाली. पण सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हापासून चूल. लाकूड, काटक्या, शेणी, आणि स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी म्हणजे एक हातभर झरोका. पाटणकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको, चार महिने जळण ओलंच असतं, मग फुंकणी तोंडाला लावून फुंकत बसायचं, डोळ्यांतनं पाणी आणि घरभर धूर. दोन वर्षांपूर्वी त्यांना कराडला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथं स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, करायची होती, तो पोरगा नळी तोंडात देऊन म्हणतोय, आज्जी जोरात फुंका, अजून, अजून, अजून, तर आक्का नळी काढून म्हणाल्या, ‘आरं बाबा, सारा जलम फुंकण्यातच गेला की.’ सगळे हसले. रिपोर्ट बघून मात्र मी गप्प झाले. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा ही एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांच्या वर पाहिजे, आक्कांची निम्मीसुद्धा नव्हती. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन हवा नीट बाहेर न पडण्याचा जुनाट आजार. सिगारेट न ओढता सीओपीडी.

आणि हे आमच्याच घरातलं नाही हो. २०१६ सालचा हिशोब आहे, जगाच्या लोकसंख्येत भारत १८ टक्के आणि श्वसनाच्या जुनाट आजारांचा जो बोजा आहे त्यात भारताचा वाटा ३२ टक्के.

आता पुतण्याची गोष्ट. गेल्या दिवाळीनंतर त्याने मोबाइलवर एका क्लिनिकची जाहिरात बघितली, नाव लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही छापणार पण नाही. तिथं नेब्युलायझरमधून एक्सोसोम देणार, सहा सिटिंग, पॅकेज १,८०,००० रुपये. हा गडी २५,००० बुकिंगचे भरून आला आणि मग मला फोन, की काकू तुम्हाला यातलं कळतं, तुम्ही चला बरोबर. गेले. तिथल्या मॅडमना विचारलं हे कशातनं काढलेलं आहे, त्या म्हणाल्या ‘स्टेम सेल बेस्ड आहे’, स्टेम सेल म्हणजे ज्यांतनं दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी. म्हणलं कुणाच्या स्टेम सेल, नाळेतल्या, चरबीतल्या, माणसाच्याच आहेत ना नक्की? त्यांनी ब्रोशर पुढं केलं. म्हणलं कुपी दाखवा. कुपी दाखवली, करंगळीएवढी, आत पांढरी पावडर, लेबलवर मोठ्या अक्षरात पाच अब्ज एक्सोसोम आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ‘फॉर कॉस्मेटिक यूज’. म्हणजे चेहरा उजळायला लावायचं ते पाण्यात कालवून म्हाताऱ्या बाईच्या फुप्फुसात सोडायचं! मी आक्कांचा हात धरला आणि सरळ खाली रस्त्यावर घेऊन आले. पंचवीस हजार अजून परत आलेले नाहीत, पुतण्याचं म्हणणं माझ्यामुळेच गेले.

आता हे वाचून कुणी म्हणेल एक्सोसोम म्हणजे सगळी थापच, तर तसंही नाही आणि खरं तर ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं. मूळ गोष्ट खरी आहे आणि फार सुंदर आहे.

आपल्या अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्याच पातळ पडद्यात आतला थोडासा माल बांधून बाहेर सोडत असते. पुस्तकात पुटिका म्हणतात. मी पुडीच म्हणते, देवळाबाहेर अंगाऱ्याची मिळते तशी. सगळ्यात बारीक पुड्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या, त्यांना एक्सोसोम म्हणायची पद्धत पडलीय. मायक्रोस्कोपखाली आपल्याला जी लाल पेशी दिसते ती साधारण ७,५०० नॅनोमीटरची, म्हणजे एका लाल पेशीच्या रुंदीवर या पुड्या एका रांगेत मांडल्या तर पन्नास ते अडीचशे बसतील. साध्या मायक्रोस्कोपला त्या दिसतच नाहीत. ३१ वर्षं रोज त्यांच्याकडेच बघत होते आणि मला पत्ता नाही.

पहिल्यांदा त्या नीट दिसल्या १९८३ साली, कॅनडात मॉन्ट्रियलला रोझ जॉनस्टोनबाईंच्या लॅबमध्ये आणि त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला फिलिप स्टाल यांच्या लॅबमध्ये. दोघंही रेटिक्युलोसाइट बघत होते, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या लाल पेशी, आम्ही वेगळा रंग घालून मोजतो त्या. मॉन्ट्रियलवाल्यांनी मेंढीच्या घेतल्या होत्या. पेशी पक्की व्हायला लागली की नको झालेलं सामान पुड्या बांधून बाहेर टाकते असं दिसलं. या पुड्यांना एक्सोसोम हे नाव पण जॉनस्टोनबाईंनीच १९८७ च्या पेपरात दिलं. मग पुढं कित्येक वर्षं बहुतेकांनी ही कचऱ्याची पिशवी म्हणून सोडून दिली, कचऱ्यात कोण हात घालतंय.

घातला तो स्वीडनच्या लोकांनी. २००७ साली गोथेनबर्गच्या यान लोटवाल यांच्या टीमने मास्ट पेशींच्या पुड्या उघडून बघितल्या. मास्ट पेशी म्हणजे दमा आणि अॅलर्जीतल्या मुख्य कलाकार, हिस्टामिन सोडणाऱ्या, आणि लोटवाल स्वतः दम्याचेच संशोधक. म्हणजे हा विषय पहिल्यापासनं छातीच्याच बाजूने आलाय असं मला तरी वाटतं. तर त्या पुड्यांत आरएनए सापडला, म्हणजे पेशीतल्या निरोपाची चिठ्ठीच. नुसता पडलेला नाही, कामाचा. उंदराच्या मास्ट पेशींच्या पुड्या माणसाच्या मास्ट पेशींना दिल्या तर माणसाच्या पेशीत उंदराची प्रोटीनं तयार झाली! हे वाचून मी त्या रात्री भाचीला साडेदहाला फोन केला होता. त्याच पुड्यांत मायक्रोआरएनए पण होता.

मायक्रोआरएनए म्हणजे काय, तर साधारण २२ अक्षरांची चिठ्ठी. करोनाच्या वेळी मेसेंजर आरएनए हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, पुण्याच्या जिनोव्हाने तशी लस पण बनवली, २०२२ मध्ये तिला मंजुरी मिळाली. तर मेसेंजर आरएनए म्हणजे अमुक प्रोटीन बनवा अशी ऑर्डर, आणि मायक्रोआरएनए त्या ऑर्डरवर जाऊन बसतो आणि म्हणतो थांब जरा, एवढं नको. पूर्ण बंद करत नाही सहसा, नळ पिळून धार बारीक करतो. पण एकच मायक्रोआरएनए कित्येक नळांवर एकदम हात ठेवू शकतो, म्हणून पेशीचा स्वभावच बदलतो. हे पहिल्यांदा सापडलं १९९३ साली, व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना, एक मिलिमीटर लांबीच्या किड्यात. त्या दोघांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये, ३१ वर्षांनी. माझ्या नोकरीएवढाच काळ की.

त्याच किड्यात २००० साली दुसरा मायक्रोआरएनए सापडला, त्याचं नाव लेट-७. आणि शोधायला गेले तर हा लेट-७ माशीत, माशात, कोंबडीत, माणसात सगळीकडे, जवळजवळ अक्षर न् अक्षर तसाच. आता गंमत बघा. २००४ मध्ये जपानच्या लोकांना दिसलं की फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्या गाठीत लेट-७ कमी ते ऑपरेशननंतर कमी जगले. मग २०१० मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गकडून आलं की फुप्फुस कडक होत जाणारा जो आजार आहे, आयपीएफ, ज्यात सीटी स्कॅनवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, त्यात लेट-७ च्या घरातला एक भाऊ, लेट-७डी, कमी झालेला असतो. २०१३ मध्ये स्टॉकहोमला दम्याच्या पेशंटची फुप्फुसं सलाइनने धुऊन त्या पाण्यातल्या पुड्या तपासल्या (ते लोक भुयारी रेल्वेच्या स्टेशनातल्या हवेत बसवून पण बघत होते काय फरक पडतो ते), तर दमा असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या पुड्यांतल्या २४ मायक्रोआरएनएंत फरक, आणि त्यात परत लेट-७ चं खानदान हजर. आणि २०१९ मध्ये बेल्जियममधल्या लिएजला आयपीएफवाल्यांच्या थुंकीतल्या, हो बेडक्यातल्या, पुड्या बघितल्या तर तीन मायक्रोआरएनए उठून दिसले, दोन वाढलेले आणि एक कमी झालेला, आणि कमी झालेला कोण तर लेट-७डी. आम्ही थुंकी म्हणलं की टीबीचे जंतू बघायचो आणि डबी जाळायला टाकायचो.

पण आक्कांच्या दृष्टीने मला सगळ्यात जवळचा वाटला तो टोकियोचा प्रयोग, जिकेई मेडिकलचा, २०१५ चा. माझ्या मनात कायम एक प्रश्न होता की धूर लागतो तो श्वासनळीच्या आतल्या अस्तराला, वरच्या थराला, मग खालची भिंत का जाड होते, तिथपर्यंत तर धूर नीट पोचत पण नाही. तर त्यांनी अस्तराच्या पेशींवर सिगारेटच्या धुराचा अर्क घातला आणि त्या पेशी ज्या पुड्या सोडतात त्या गोळा केल्या. त्यात मिर-२१० नावाचा मायक्रोआरएनए वाढलेला. त्या पुड्या खालच्या फायब्रोब्लास्टला दिल्या. फायब्रोब्लास्ट म्हणजे आपले गवंडी, धागे विणून भिंत उभी करणारे. प्रत्येक पेशीत रोजची झाडलोट चालते, जुनं मोडकं सामान मोडून परत वापरायचं, त्या झाडलोटीला लागणारं एक प्रोटीन या मिर-२१० ने कमी केलं, झाडलोट मंदावली आणि गवंडी बिथरला, मायोफायब्रोब्लास्ट झाला, म्हणजे कुणी थांब म्हणेना आणि हा गिलाव्यावर गिलावा चढवतोय. बारीक श्वासनळ्या अशाच जाड होत जातात आणि हवा आत अडकून बसते. म्हणजे धूर खाली गेलाच नाही, धुराची खबर गेली, पुडीतनं.

त्या प्रयोगात सिगारेटचा धूर होता, चुलीचा नव्हता, हे मी मुद्दाम लिहितेय. आणि डिशमधल्या पेशींवर मुख्य काम होतं. आक्कांच्या छातीत नेमकं हेच झालं असं मी म्हणणार नाही.

पुड्या नुसत्या वाईटच खबरा नेतात असंही नाही. न्यूट्रोफिल, म्हणजे ज्या पांढऱ्या पेशी आम्ही डीएलसी करताना, पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजताना, टिक टिक करून मोजतो, शंभरातल्या साठ सत्तर त्याच निघतात, त्यांची ख्याती म्हणजे मारामारी करून स्वतः मरणाऱ्या पेशी. त्या न्यूट्रोफिल पुड्यांत मिर-२२३ भरून फुप्फुसाच्या अस्तराला देतात आणि त्याने सूज आटोक्यात राहते असं २०१७ मध्ये उंदरांत दाखवलं, व्हेंटिलेटरने इजा झालेल्या उंदरांत. म्हणजे मारामारी करायला आलेला गडी जाता जाता मलमपट्टीचं सामान पण देऊन जातो. असलं काही वाचलं की परत नोकरी धरावी वाटते.

आता लॅबचा भाग. तुमच्या लेखात ‘थेंबभर रक्त’ हे इतक्या सहज लिहिलंय की वाचताना हसू आलं.

समजा एखाद्याचं रक्त काढताना शीर सटकली, किंवा पोरगं नवीन आहे आणि त्याने सिरिंजचा दट्ट्या घाईने ओढला, किंवा बाटली जोरात हलवली. मग सेंट्रिफ्यूजमधनं काढल्यावर वरचं पाणी पिवळसर पाहिजे ते गुलाबी दिसतं. लाल पेशी फुटल्या. आम्ही पोटॅशियमसाठी असं सॅम्पल फेकून द्यायचो आणि पेशंटच्या शिव्या खाऊन परत काढायचो. मायक्रोआरएनएचं पण तेच, लाल पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ खच्चून भरलेले असतात, पेशी फुटल्या की ते सगळे बाहेर, आणि मशीन म्हणणार वा, मिर-१६ केवढा वाढलाय. आजार काही नाही, सुई नीट लागली नाही एवढंच. बरं जांभळ्या टोपणाची ईडीटीए बाटली घेतली तर ठीक, हिरव्या टोपणाची हेपरिनची घेतली तर हेपरिन मायक्रोआरएनए मोजायच्या पुढच्या पीसीआर तपासणीलाच अडवतं. सॅम्पल तसंच दोन चार तास टेबलावर राहिलं तर प्लेटलेट्स बसल्या बसल्या स्वतःच्या पुड्या सोडायला लागतात. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी सातला काढलेलं रक्त दुपारी दीडच्या एसटीने जिल्ह्याला जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, तेव्हा त्या पुड्यांत पेशंट किती आणि एसटी किती हे कोण सांगणार.

आणि पुड्या वेगळ्या काढायच्या कशा? माझं सेंट्रिफ्यूज ३,००० आरपीएमवर दहा मिनिटं, त्यात पेशी खाली बसतात, पुड्या ढिम्म हलत नाहीत. त्यांना खाली बसवायला गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट ताकदीने तासाभराहून जास्त फिरवावं लागतं, ते मशीन वेगळं, त्याची किंमत वेगळी, आणि एवढं करून पण पुड्यांबरोबर रक्तातली चरबी आणि प्रोटीनं खाली येतात ती येतातच. या लोकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिने २०१४, २०१८ आणि २०२३ अशा तीन वेळा नियमावली काढली, त्यात त्यांचंच म्हणणं आहे की पुडी नेमकी पेशीच्या आतल्या कुठल्या भागातनं आली हे दाखवता येत नसेल तर उगाच एक्सोसोम म्हणू नका, नुसतं पेशीबाहेरची पुटिका म्हणा. आणि इकडे कुपीवर पाच अब्ज एक्सोसोम छापून मोकळे.

आता यातली सगळ्यात अडचणीची गोष्ट, जी तुमच्या लेखात औषधालाही नव्हती. सिएटलच्या एका टीमने २०११ मध्ये दाखवलं की रक्तातल्या मायक्रोआरएनएचा मोठा हिस्सा पुडीत नसतोच, तो एका प्रोटीनला चिकटून मोकळाच फिरतो. मग त्याच लोकांनी २०१४ मध्ये मोजदाद केली की पुड्या किती आणि चिठ्ठ्या किती. तर भरपूर आहे म्हणतात तो मायक्रोआरएनए घेतला तरी त्याची एक चिठ्ठी सापडायला सरासरी शंभराहून जास्त पुड्या उघडाव्या लागतील. म्हणजे बहुतेक पुड्या त्या चिठ्ठीपुरत्या रिकाम्या! आता मग टोकियोचं, लिएजचं काय समजायचं? भाची म्हणते दोन्ही खरं असू शकतं, मोजक्याच पुड्या भरलेल्या असतील आणि त्याच काम करत असतील, किंवा शेजारच्या पेशीला हजारो पुड्या मिळत असतील, किंवा पुडीतला दुसराच माल काम करत असेल आणि आपण श्रेय चिठ्ठीला देत असू. भांडण चालू आहे. मला तर हे भांडणच लेखातल्या सगळ्यापेक्षा जास्त वाचनीय वाटलं, तुम्ही ते छापलं असतं तर लोकांनी आवडीने वाचलं असतं.

आणि समजा मोजता आलं तरी कळणार काय? मिर-२१ घ्या. आयपीएफमध्ये वाढतो, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये वाढतो, दुसऱ्या ढीगभर कॅन्सरमध्ये वाढतो. म्हणजे गावातल्या सरपंचासारखा, कुठलंही भांडण असो हा तिथं उभा. सरपंच दिसला म्हणून भांडण कशाचं होतं ते कसं कळणार. म्हणून तर लोक एकावर विसंबत नाहीत, तीन चार दहा एकत्र बघतात, आणि मग दुसऱ्या गावच्या पेशंटवर तेच दहा परत जुळतात का ते बघायला जातात आणि तिथं बऱ्याचदा घोडं अडतं.

उपचाराचं तर अजून लांब आहे. २०२० मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला फुप्फुसाच्या पेशींच्या पुड्या हुंगवून उंदरांतला फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुस कडक होणं, कमी करून दाखवलाय, चांगलं काम आहे. ऑस्ट्रेलियात अॅस्बेस्टॉसने होणाऱ्या छातीच्या आवरणाच्या कॅन्सरवर मिर-१६ ची नक्कल केलेली चिठ्ठी बॅक्टेरियापासून बनवलेल्या पुड्यांत भरून दिली, पहिल्या टप्प्याची ट्रायल, २०१७ ला छापून आली, त्यात एका पेशंटची गाठ चांगली लहान झाली. पण दुसऱ्या एका कंपनीने मिर-३४ ची नक्कल चरबीच्या पुडीत घालून कॅन्सरच्या पेशंटना दिली तर काही जणांची प्रतिकारशक्तीच उलटली, ट्रायल २०१६ मध्ये बंद करावी लागली. आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता की एक्सोसोमचं एकही उत्पादन आम्ही मंजूर केलेलं नाही, नेब्रास्कात असली उत्पादनं दिलेल्या लोकांना गंभीर त्रास झालाय. तुमच्या लेखात उंदरांचा प्रयोग होता पण तो उंदरांवर होता हे शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. शेवटून दुसरी ओळ पुतण्याने वाचली नाही. कुणीच वाचत नाही हो, मी पण लग्नाच्या पत्रिकेत जेवणाची वेळ बघते आणि ठेवून देते.

म्हणून एक साधी विनंती आहे. असला कुठलाही शोध छापताना पहिल्याच परिच्छेदात लिहा की हे डिशमध्ये झालंय, उंदरात झालंय का माणसात, आणि माणसात तर किती माणसात. दोन ओळी लागतात. आणि शेजारी जाहिरात कशाची आहे तेवढं बघा, गेल्या रविवारी त्याच पानावर खाली उजव्या कोपऱ्यात केसांसाठी एक्सोसोमची जाहिरात होती.

आणि आजचा आज जो उपयोग आहे त्यावर पण कधीतरी अर्धं पान द्या. स्पायरोमेट्रीला रक्त लागत नाही, सुई लागत नाही, दहा मिनिटं लागतात, आणि तरी आमच्या भागात कित्येक बायका दहा दहा वर्षं ‘जुना खोकला’ म्हणून कफाच्या बाटल्या पितात. इनहेलर म्हणलं की घरात रडारड, सवय लागते म्हणे, शेवटचं औषध म्हणे. आक्कांनी पण पहिले दोन महिने इनहेलर फडताळात फडक्यात गुंडाळून ठेवला होता, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. आता इनहेलरला स्पेसर, म्हणजे औषध नीट आत जायला जोडायची पोकळ नळी, लावून घेतात, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस झाली, सकाळी देवळापर्यंत चालून येतात, मध्ये एकदा बसतात. उज्ज्वलाचा सिलेंडर घरात आहे, पण तो चहाला आणि पाहुणे आले तर. भरून आणायला खाली यावं लागतं आणि पैसे लागतात, आणि खरं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं की गॅसवरच्या भाकरीला चव नाही. यावर कुठल्या लॅबकडे काय उपाय असेल ते मला माहीत नाही. सुनेने आता चूल बाहेर पडवीत मांडलीय, तेवढा फरक पडलाय.

पुतण्याशी माझं बोलणं हळूहळू सुरू झालंय. हे पत्र छापून आलं तर ग्रुपवर तीनदा टाकणार आहे.

आपली,
एक जुनी वाचक, कराड

ता.क. लेखाबरोबर एक्सोसोम म्हणून जो रंगीत गोळा छापलाय तो एक्सोसोम नाही, करोना व्हायरस आहे. काटे दिसतायत.